डबल बेल

चोपडा,
श्रावण

चि. सौ. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "भाऊ, लेक माझ्याशिवाय कोणाच्या हातचा घास घेत नाही." तुझा आवाज थकलेला होता, आणि त्या थकव्याच्या तळाशी थोडा अभिमानही होता. तो अभिमान माझ्या ओळखीचा आहे. माझा पोऱ्या बावीस वर्षांचा होईपर्यंत मीही तो बाळगला. फोनवर पुढचं बोलता आलं नाही. ती मागून फोन ओढत होती, आणि असलं बोलणं अर्ध्यावर तुटलं की जास्त लागतं. म्हणून लिहायला बसलोय. पाव्हण्यांनाही वाचायला दे. ते बोलत नाहीत म्हणून त्यांना घोर नाही, असं समजू नकोस.

सगळ्यात आधी एक सांगतो. आपला हात आपल्या या स्वमग्न पोरांच्या हातातून एक दिवस सुटणारच आहे. मी त्रेसष्ट वर्षांचा झालो, तूही काही तरणी राहिली नाहीस. आपण गेलो त्या दिवशी तो एकदम सुटला, तर त्या पोरांची आईच जाईल असं नाही. तिच्याबरोबर घास जाईल, अंघोळ जाईल, झोप जाईल, दाराबाहेरचा रस्ता जाईल. एका दिवसात एवढं कोणाला सोसेल? त्यापेक्षा तो आपल्या देखत, एकेक बोट करून सुटू दे. चुकलं तर धरायला आपण उभे आहोत, तोवर.

तुला आठवतं, माय तुला आठ-नऊ वर्षांची असताना भाकरी थापायला बसवायची? तुझ्या भाकरी फाटायच्या, कडेला जाड राहायच्या. आबा त्याच खायचे आणि काही बोलायचे नाहीत. मुलगी सासरी जाणार हे आपल्याकडे जन्मापासून ठरलेलं, म्हणून घर तिच्या जाण्याची तयारी वर्षानुवर्षं करत असतं. हळदीला गाणी, पाठवणीला गाणी, आखाजीला माहेरी आली की झोक्यावर पुन्हा गाणी. रडायलासुद्धा जागा ठेवलेली असते. आपल्या या पोरांच्या जाण्यासाठी मात्र एक रिवाज नाही, एक ओवी नाही. ती जाणारच नाहीत असं धरून आपण चालतो. तयारी होत नाही ती त्यामुळे.

आता माझं सांगतो. पोऱ्याला मिसरूड फुटल्यापासून त्याची दाढी मीच करायचो. सकाळच्या ड्युटीला निघण्याआधी त्याला ओट्यावर बसवायचं, ट्यूबमधल्या फेसाचा वास त्याला चालत नाही म्हणून अंघोळीचाच साबण लावायचा, आणि एका हाताने हनुवटी धरून रेझर फिरवायचं. सहा-सात वर्षं. लोक म्हणायचे, कंडक्टरसाहेब पोराचं किती करतात. मग मला कावीळ झाली. पंधरा दिवस मी अंथरुणावर. त्याने दुसऱ्या कोणाला गालाला हात लावू दिला नाही. दाढी वाढली, केस टोचायला लागले, आणि त्याने खाजवून खाजवून गळा रक्तबंबाळ केला. मी खाटेवरून बघत होतो. हात उचलायची ताकद नव्हती. माझ्या मायेने त्याला कुठे आणून ठेवलंय, ते तेव्हा दिसलं.

बरा झाल्यावर एका विशेष शिक्षिकाबाईंनी रीत सांगितली. आधी रेझर त्याच्या हातात आणि त्याच्या हातावर माझा हात. आठवडाभराने माझा हात त्याच्या मनगटावर. मग कोपरावर. मग खांद्यावर नुसतं एक बोट. मग मी मागे उभा, आरशात दिसेन असा. शेवटी आरशातूनही बाजूला. तोंडाने काही बोलायचं नाही, कारण बोलण्याची सवय लागली की ती हातापेक्षा चिवट असते. ते मूल मग आपल्या शब्दाची वाट बघत उभं राहतं. साडेचार महिने लागले. ज्या दिवशी त्याने एकट्याने दाढी केली, त्या दिवशी हनुवटीखाली रुपयाएवढी जागा राहून गेली. माझा हात शिवशिवत होता. एक फटका मारला असता तर साफ झालं असतं. तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी ते केस तसेच राहू दिले. तो तसाच दिवसभर हिंडला आणि कोणी काही म्हटलं नाही.

घासाचंही तसंच कर. पण उलट बाजूने सुरू कर. सगळं जेवण तू भरव, फक्त शेवटचा घास तिच्या हातात दे. पोट भरत आलेलं असतं, घाई नसते, आणि ताट संपवल्याचं समाधान तिच्या वाट्याला येतं. पंधरा दिवसांनी शेवटचे दोन. सांडेल, चिडेल, ताट ढकलेल. तीन दिवस उपाशी ठेवून शिकवा म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. एक घास एवढंच धर आणि तो रोज धर.

ताई, चौतीस वर्षं मी एसटीत काढली. ड्रायव्हर कितीही जुना असो, कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या. दिवसातून शंभर वेळा मी ती दोरी ओढली असेल. घरात मात्र सगळ्या घंट्या थांबायच्याच दिल्या.

पोऱ्याला मोजायचा नाद, तुला माहीत आहे. फरशा, खिडकीचे गज, कौलं. आम्ही त्याला वर्षानुवर्षं दटावत आलो. मग पुण्याच्या एका पालक मेळाव्यात मी डोनाल्ड ट्रिपलेटची गोष्ट ऐकली. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथला हा मुलगा. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्नतेवरचा पहिला मोठा लेख लिहिला, त्यात अकरा मुलांची हकिगत होती आणि पहिला हा. लहानपणी त्याला काही वर्षं एका शेतकरी नवरा-बायकोकडे ठेवलं होतं. तोही मोजायचा, मक्याच्या ओळी, पुन्हा पुन्हा. त्या शेतकऱ्याने त्याला दटावलं नाही. हाती नांगर दिला आणि सांगितलं, नांगरताना मोज. मापं घ्यायचा नाद होता, तर विहीर खोदायला लावून तिची खोली सांगायला लावली. डॉक्टर भेटायला गेले तेव्हा तो घोडा आणि नांगर नीट वळवत सहा लांबलचक ओळी नांगरून आला. पुढे तो बँकेत कामाला लागला, गाडी चालवायला शिकला, एकटा प्रवास करायचा. आई-वडील गेल्यावरही त्याच गावात, त्याच घरात राहिला, आणि २०२३ साली एकोणनव्वद वर्षांचा होऊन गेला. घर पैसेवालं होतं, बँकेत घरच्यांचा वाटा होता, हे मी विसरत नाही. पण गावही त्याला ओळखून होतं, आणि ओळख पैशाने येत नाही. मला त्या गोष्टीतला नांगर लक्षात राहिला. आपल्या चोपड्यात मका काय आणि केळी काय, ओळीच ओळी आहेत!

अडावदला माझ्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. त्यांची केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे. शेडनेटखाली पिशव्यांच्या रांगा, प्रत्येक रांगेत ठरलेली रोपं, मेलेलं रोप काढायचं आणि तिथे दुसरं ठेवायचं. मी पोऱ्याला घेऊन गेलो. त्याने एक रांग मोजली, दुसरी मोजली, आणि तिसरीत उभा राहून म्हणाला, "दोन कमी." खरंच दोन कमी होती. तेव्हापासून तो तिथे जातो. सकाळी चार तास. आवाज कमी, उन्हाचा तडाखा जाळीखाली कमी, आणि सगळं एकसारखं. त्याच्यासाठी याहून बरी जागा मी शोधून काढू शकलो नसतो.

जायचं मात्र एसटीनं. यावलकडची गाडी, अर्ध्या तासाचा रस्ता. दाढीचीच रीत इथे लावली. आधी शेजारच्या सीटवर मी. मग दोन सीटा मागे. मग मी त्याच गाडीत, पण शेवटच्या बाकड्यावर. मग त्याला बसवून मी मागच्या गाडीने. मग स्टँडपर्यंत. आता घराच्या दारापर्यंत. स्टँडचा फलक, गाडीची पाटी, सवलतीचं कार्ड, उतरायच्या आधीचं पेट्रोल पंपाचं वळण, असे फोटो काढून त्यांची एक पट्टी केली आणि ती त्याच्या वहीत चिकटवली. माझी डेपोतली ओळख कामाला आली, हे कबूल. तुला ती सोय नाही. तू तुझ्या गल्लीतली माणसं जोड. किराणावाला, रिक्षावाला, समोरची मेडिकलवाली पोरगी. आज त्यांना सांग की ही अशी आहे, घाबरली की कान झाकते, हात धरू नका, हळू बोला. लोकांना कळलं नाही तर ते हसतात. सांगितलं की बहुतेक जण लाजतात आणि मग मदत करतात.

त्याचं एकट्याने जाणं सुरू होऊन वर्ष झालं नव्हतं, तेवढ्यात एका जूनमध्ये वादळ झालं. रस्त्यावर मोठा निंब आडवा पडला आणि गाडी मध्येच थांबली. सगळे उतरले, हा सीटवरून हलला नाही. कान दाबून झुलत राहिला आणि अंगठ्याच्या बुडाशी स्वतःचा हात चावला. कॉलेजच्या एका मुलीने त्याच्या खिशातलं कार्ड वाचून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ती त्याच्यापासून एक सीट सोडून, काही न बोलता, नुसती बसलेली होती. देव तिचं भलं करो. मी त्याला घरी आणलं आणि ठरवलं, आता बस. तीन आठवडे पाठवलं नाही. तो रोज आठ वाजता डबा घेऊन दारात उभा राहायचा, दहा वाजता डबा ओट्यावर ठेवून आत जायचा. बोलायचा काही नाही. बाविसाव्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, "तुमची गाडी किती वेळा वाटेत बंद पडली? तुम्ही दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला नाहीत का?"

चूक माझी होती. मी त्याला रस्ता शिकवला होता. रस्ता मोडला तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. मग आम्ही तेवढंच शिकवलं. घरात खुर्च्या मांडून गाडी केली. मध्येच "गाडी थांबली" म्हणायचं. बसून राहायचं, पाणी प्यायचं, कार्ड काढून शेजारच्याला द्यायचं. तीन चित्रं, महिनाभर. त्यानंतर दोनदा गाडी अडली, आणि दोन्ही वेळा मला फोन आला तो "काका, तुमचा मुलगा व्यवस्थित आहे" असं सांगायला. तू तुझ्या लेकीला काहीही शिकव, पण ते बिघडलं तर काय, हेही त्याच्याबरोबर शिकव. वीज गेली तर, नळ कोरडा पडला तर, तू दवाखान्यात असलीस तर.

पगाराचं एक सांगतो. पहिल्या महिन्याचं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने गांधी चौकात जाऊन चार टॉर्च आणल्या. एकसारख्या. मी दुकानात परत द्यायला निघालो होतो. पण पैसा त्याच्या घामाचा, आणि आपण आपल्या पैशाने काय कमी वेड्या वस्तू घेतो? त्या चारही टॉर्च त्याच्या उशाशी ओळीने असतात. रात्री वीज गेली की घरात पहिला उजेड त्याचा असतो.

इथून पुढचं तुझी वहिनी सांगते, मी लिहितो. मुलीचं आहे, म्हणून तिने बजावलंय की एक शब्द गाळू नका.

तुला कोणीतरी सांगितलं म्हणे, "पिशवी काढून टाका, दर महिन्याची कटकट जाईल." ताई, हे कानावरही घेऊ नकोस. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं अशीच सोयीसाठी काढली होती, तेव्हा महाराष्ट्रभर बायका रस्त्यावर आल्या होत्या. शरीर तिचं आहे. आणि पिशवी काढल्याने पाळी थांबेल, वाईट माणसाचा हात थांबत नाही. उलट कोणाला पत्ताच लागणार नाही. कॅलेंडरवर लाल टिकली लावायला शिकव, पॅड कागदात गुंडाळायला शिकव. मोठ्या बाहुलीवर दाखव, मग तिच्या स्वतःच्या कपड्यावर. चार-सहा महिने धर. अंघोळीला दार लावायला शिकव, तू बाहेर बसून गाणं म्हण हवं तर. आणि तिला "नाही" म्हणायला शिकव. आपण या मुलांना सगळं ऐकायला लावतो. बस म्हटलं की बसते, चल म्हटलं की चालते, आणि लोक म्हणतात किती गुणी. जी पोरगी सगळ्यांचं ऐकते तिला सगळ्यांत जास्त धोका असतो. तिने ताट ढकलून "नाही" म्हटलं तर त्या दिवशी तिचं ऐक. घरात "नाही"ला किंमत मिळाली, तरच ती ते बाहेर वापरेल. तिच्या अंगाला कोण हात लावू शकतं त्यांचे फोटो भिंतीवर लाव, आणि ते थोडेच असू देत.

वहिनीचं संपलं. आता कागदांचं, थोडक्यात. ती अठराची झाली की तिची खास शाळा संपेल, आणि कायद्याने तुम्ही तिचे आपोआप पालकही राहणार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. पण धावत जाऊन सगळेच हक्क आपल्या नावावर करून घेऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व सांगितलंय, म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि तिला विचारून. कशासाठी लागतंय ते आधी वकिलाशी बोला. दाखल्यावर ऑटिझम लिहिलंय ना, तेही बघ. पोऱ्याच्या पहिल्या दाखल्यावर "मतिमंद" होतं, कारण १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. २०१६ मध्ये एकवीस प्रकार झाले तेव्हा ती आली. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, ती घेऊन टाक. आणि मृत्युपत्र करा. दोघांनीही.

तुझ्या धाकट्या पोराच्या खांद्यावर मात्र हे सगळं आत्ताच टाकू नकोस. माझी मुलगी सुरतेला आहे. मी तिला सांगितलंय, तू त्याची बहीण राहा, दर आठवड्याला फोन कर, बाकीचं आम्ही बघून ठेवतो. बघून ठेवायचं म्हणजे त्यांनी पुढे राहायच्या जागाही बघायच्या. जळगावजवळ सावखेड्याला केशवस्मृती प्रतिष्ठानचं "आश्रय – माझे घर" आहे. बदलापूरचं "आधार" तर पालकांनीच उभं केलं. आत्ता ठेवायचं म्हणून जाऊ नकोस, पण एकदा जाऊन ये. तिथे मोठी झालेली मुलं जेवतात कशी, हसतात का, दार आतून लावता येतं का, हे डोळ्यांनी बघ. मी पहिल्यांदा अशा एका घरातून परत आलो तेव्हा रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका दादाने मला स्वतःची खोली दाखवली, उशी थोपटून दाखवली. त्यानंतर झोप लागते.

लोक म्हणतील, आई असून हात काढून घेते. एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे की आईच्या कोरड्या वागण्याने ही मुलं अशी होतात. ते खोटं ठरलं, पण आयांनी ते किती वर्षं सोसलं! तू तुझ्या सासूबाईंचं ऐकून घे, आणि शेवटचा घास तिच्याच हातात दे.

आता दिवाळीचं. दरवर्षी भाऊबीजेला तुला माहेरी न्यायला मूळ घेऊन मी येतो. या वर्षी मी येणार नाही. आपला पोऱ्या मुराळी म्हणून येईल. चोपडा ते अमळनेर मी त्याच्या मागच्या सीटवर असेन. तापीवरचा पूल आला की तो खांब मोजतो, तेव्हा मध्ये बोलायचं नसतं. अमळनेरला मी उतरेन. तिथून धुळ्यापर्यंत तो एकटा. त्याच्या पिशवीत तुझ्यासाठी केळी असतील, मोजलेली, आणि त्याच्या आत्येबहिणीसाठी एक टॉर्च. चारातली एक द्यायला तो कबूल झालाय. कशी, ते त्यालाच ठाऊक.

तू स्टँडवर ये, तिलाही घेऊन ये. पण गाडी लागली की दाराशी धावून येऊ नकोस, हात पुढे करू नकोस. चहाच्या टपरीपाशी उभी राहा. तो उतरेल, पाटी वाचेल, मग तुला शोधेल. त्याला वेळ लागेल.

तुझा,
भाऊ